जयगडच्या खाडीचा जमाखर्च

सपाट मुलखाचें अर्थशास्त्र आणि डोंगराळ मुलखाचें अर्थशास्त्र यांत एक मूलभूत भेद आहे. सपाट प्रदेशांत जें पिकतें तें बहुधा तेथेंच सांठतें; धान्याचीं कोठारें, पेठा आणि राजधान्या तेथेंच उभ्या राहतात. डोंगराळ प्रदेशांत मात्र प्रत्येक वस्तूचा कल उताराकडे असतो. पाणी खालीं जातें, पाण्याबरोबर माती जाते, ओढ्याच्या वाटेनें लाकूड जातें, आणि अखेर माणूसहि जातो. अशा मुलखाची सांपत्तिक स्थिति समजून घ्यावयाची तर डोंगरमाथ्यावर उभें राहून भागत नाहीं. जेथें या साऱ्या वाटा एकत्र होऊन बाहेर पडतात त्या दाराशीं बसून जमाखर्च मांडावा लागतो. रत्नागिरी जिल्ह्यांत शास्त्री नदीच्या मुखावरील जयगड हें असें एक दार आहे.

सह्याद्रीचा कणा आणि अरबी समुद्र यांच्यामधील भूमीची पट्टी या भागांत अवघी तीस ते चाळीस मैल रुंद आहे, आणि तीहि सपाट नाहीं. घाटाच्या सोंडा थेट समुद्रापर्यंत उतरत आल्या आहेत. मधून अरुंद खोरीं, आणि वर जांभ्या दगडाचे उघडे सडे. शास्त्री नदी प्रचितगडाच्या आसमंतांत सह्याद्रींत उगम पावते. संगमेश्वराशीं तिला सोनवी मिळते, आणि पुढें वीस-पंचवीस मैलांहून अधिक अंतर वळणें घेत ती जयगडाशीं समुद्राला भेटते. मुखाच्या दक्षिण तीरावर जयगडचा किल्ला व बंदर, समोर उत्तर तीरावर गुहागर तालुक्यांतील तवसाळ. खाडीचें मुख खोल आहे आणि आडोशाचें आहे. पश्चिम किनाऱ्यावर अशीं नैसर्गिक बंदरें थोडीं. निसर्गानें एवढी सोय दिली असतां या खोऱ्यांतील सामान्य कुटुंबाला स्थिर संपन्नता कां लाभली नाहीं? हा प्रश्न एका गांवापुरता नाहीं. तो साऱ्या कोंकणाचा, किंबहुना डोंगराच्या आधारानें जगणाऱ्या प्रत्येक मुलखाचा प्रश्न आहे.

प्रथम जमिनीकडे पाहावें. पावसाळ्याच्या चार महिन्यांत येथें शंभर इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. पुढील आठ महिने आकाश बहुधा कोरडें. भाताला योग्य अशी जमीन म्हणजे खोऱ्याच्या तळाची आणि खाडीकांठच्या खाजणांची, ती थोडी. उरलेली बहुतेक वरकस, म्हणजे डोंगरउतारांची. रोपांसाठीं फांद्या, पालापाचोळा व शेण जाळून राब भाजावयाचा. वरकसांत पहिल्या वर्षीं नाचणी, पुढें वरी, मग हरीक, आणि त्यानंतर कांहीं वर्षें जमीन पड टाकावयाची, हा जुना क्रम होता. त्यांत शहाणपण होतें. थकलेल्या जमिनीला विसांवा मिळे व झाडोरा पुन्हा वाढे. परंतु खाणारीं तोंडें वाढलीं तशीं पड ठेवण्याचीं वर्षें कमी झालीं, आणि उतारावरची माती उघडी पडत गेली. जिल्ह्याला पुरेल इतकें धान्य जिल्ह्यांत होत नसे. तें बाहेरून आणावें लागे, आणि त्याची किंमत कशाच्या रूपानें चुकवावयाची हाच येथील अर्थव्यवहाराचा मूळ पेंच होता.

या पेंचाला जुन्या काळचें उत्तर होतें तें व्यापाराचें. देशावरचा गूळ, कापूस, तंबाखू बैलांच्या पाठीवरून घाट उतरून येई. कोंकणचें मीठ, नारळ, सुकी मासळी त्याच वाटेनें वर चढे. संगमेश्वर हें बैल आणि होडी यांच्या भेटीचें ठिकाण. तेथें पाठीवरचीं ओझीं उतरत आणि गलबतांत भरलीं जात. तीं गलबतें भरती-ओहोटीचा मेळ साधून जयगडाशीं येत व मोकळ्या समुद्राला लागत. खोऱ्यांतील लोकांना त्यांतून ओझेवाल्याची, तांडेलाची, सुताराची, दोरखंड वळणाराची मजुरी मिळे. हा व्यापार फार मोठा नव्हता. परंतु त्याचा कांहीं अंश वाटेवरच्या गांवांत झिरपत असे, ही त्याची विशेषता होती.

जो मुखावर बसला तो खोऱ्याचा धनी झाला, हें जयगडच्या राजकीय इतिहासानें वारंवार दाखविलें आहे. किल्ला सोळाव्या शतकांत विजापूरकरांनीं बांधला. पुढें तो संगमेश्वरच्या एका नाईकाच्या हातीं गेला. या नाईकाजवळ सुमारें सहाशे शिबंदी होती. तरी १५८३ व १५८५ सालीं पोर्तुगीज व विजापूरकर यांनीं मिळून त्याच्यावर केलेल्या मोहिमांना त्यानें दाद दिली नाहीं. एवढ्याशा नाईकासाठीं दोन सत्तांनीं एकत्र यावें याचें कारण त्याचीं गांवें नव्हेत. त्याच्या ताब्यांतील दार हें आहे. १७१३ सालीं बाळाजी विश्वनाथानें कान्होजी आंग्र्यांशीं जो तह केला त्यांत जे किल्ले आंग्र्यांकडे गेले त्यांत जयगड होता. आंग्र्यांचें दस्तक घेतल्यावांचून या किनाऱ्यावर गलबत हांकणें मग धोक्याचें झालें. १८१८ च्या जूनमध्यें किल्ला इंग्रजांच्या स्वाधीन झाला तो लढाईवांचून.

या किल्ल्याविषयीं एक आख्यायिका त्या भागांत सांगितली जाते. तटाचें काम कांहीं केल्या टिकेना, तेव्हां जयबा नांवाच्या एका तरुणानें आपण होऊन बळी जाण्याचें पत्करलें, आणि त्याच्या नांवावरून किल्ल्यास जयगड म्हणूं लागले. आख्यायिकेस इतिहासाचा आधार मागूं नये. तथापि लोकांच्या स्मरणांत किल्ला बांधविणाऱ्या सत्ताधीशापेक्षां तटाखालीं गेलेला माणूस अधिक ठळक राहिला, ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. जकात दाराशीं वसूल झाली. तिचा खर्च तोफांवर, आरमारावर व दूरच्या राजधान्यांवर झाला. खोऱ्याकडे त्यांतून परत गेलें तें थोडें.

खोऱ्याचें खरें भांडवल जकात नव्हतें. झाडें व माती हें होतें. जुन्या राज्यकर्त्यांना याची जाणीव अगदींच नव्हती असें नाहीं. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या आज्ञापत्रांत, रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या त्या राजनीतिग्रंथांत, आरमारासाठीं लांकूड तोडण्याविषयीं जे नियम घातले आहेत ते आजहि वाचण्यासारखे आहेत. सागवान हुजूरच्या परवान्यानें तोडावें, अधिक लागेल तें परमुलखांतून विकत आणावें, आणि रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावूं नये. कारण तीं झाडें वर्षां-दोन वर्षांत होत नाहींत, रयतेनें तीं लेंकरांसारखीं वाढविलेलीं असतात, असा त्याचा आशय आहे. नियम सर्वत्र पाळले गेले असतील असें नव्हे. परंतु झाड म्हणजे दीर्घ मुदतीची ठेव आहे व ती ठेव कोणाची हें ठरलें पाहिजे, एवढें तत्त्व त्यांत स्पष्ट आहे.

इंग्रजी अमलाच्या आरंभीं या ठेवीची व्यवस्था बदलली. १८२० च्या दशकांत कलेक्टर डनलॉप यांच्या कारकीर्दींत साग-शिसवावरील सरकारी हक्क सोडून देण्यांत आला. मालकी मिळाली कीं लोक झाडें राखतील, अशी त्यामागची अपेक्षा होती. परंतु त्याच सुमारास मुंबई शहर झपाट्यानें वाढत होतें. त्या शहराला जळण हवें होतें, घरांना वासे हवे होते, गोदीला लांकूड हवें होतें. जलमार्गानें मुंबई जवळ, भाव रोकडा. डोंगर उघडे पडूं लागले. रत्नागिरी जिल्ह्यांत सरकारी राखीव वन अत्यल्प राहिलें याचें मूळ या काळांत आहे. एका पिढीला रोख पैसा मिळाला. पुढील पिढ्यांना मिळाली ती वाहून जाणारी माती.

ही माती गेली कोठें? ती नदींत आली. मोठीं गलबतें पूर्वीं भरतीच्या जोरावर संगमेश्वरच्या धक्क्यापर्यंत जात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तीं गाळामुळें बरींच खालीं, फुणगुसाच्या बाजूस थांबूं लागलीं. नदीचा गाळ निसर्गक्रमानेंहि येतो हें खरें. परंतु उघडे डोंगर आणि शंभर इंच पाऊस एकत्र आले म्हणजे निसर्गाचा वेग कित्येक पटींनीं वाढतो. जें लांकूड विकून खोऱ्यानें चार पैसे मिळविले त्याच लांकडाच्या अभावीं खोऱ्याची बंदरपेठ बुजली. जमेच्या बाजूस लिहिलेली रक्कम खर्चाच्या बाजूस पुन्हा निघाली, आणि ती अधिक मोठी होऊन निघाली.

त्यांतच आगगाडी आली. १८६३ सालीं बोरघाटांतून रेल्वे सुरू झाली आणि देशावरच्या मालाला मुंबईची सरळ वाट मिळाली. पुढें दक्षिणेकडे लोहमार्ग पसरत गेला. १८९१ मध्यें तो कोल्हापुरास पोंचला. आतां देशावरच्या गुळानें आंबा घाट उतरून, बैल बदलून, भरतीची वाट पाहत समुद्र गांठण्याचें कारण उरलें नाहीं. रेल्वेनें मुंबईचें कल्याण केलें, देशाचें कल्याण केलें. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधील पट्टी मात्र तिनें बाजूला टाकली. घाटावरून येणारा माल आटला, आणि खोऱ्याजवळ विकावयास स्वतःच्या हातापायांखेरीज फारसें कांहीं राहिलें नाहीं.

येथें एक शंका साहजिक आहे. उतारावर भात होत नाहीं हें मान्य; परंतु आंबा, काजू, फणस तर होतो. मग शंभर वर्षांपूर्वींच डोंगर फळझाडांनीं कां भरून टाकले नाहींत? हवामान तेंच होतें, जमीन तीच होती, माणसें कष्टाळू होतीं. अडचण निराळीच होती, आणि तिचें नांव खोती.

रत्नागिरी जिल्ह्यांतील बहुसंख्य गांवें खोती पद्धतीखालीं होतीं. खोत हा मुळांत सरकारसारा गोळा करून भरणारा. कालांतरानें तो गांवाचा वंशपरंपरेचा धनी होऊन बसला. कूळ जमीन कसे आणि पिकाचा वांटा देई. भाताचा अर्धा तो अर्धेल, वरकसाचा तिसरा तो तिर्धेल. उभ्या पिकाची अभावणी, म्हणजे अंदाज, खोताच्या माणसांनीं करावयाचा. अनेक ठिकाणीं आठ दिवसांतून एक दिवस खोताच्या शेतावर फुकट राबण्याची वेठहि चाले. अशा स्थितींत कुळानें आंब्याचें रोप लावावयाचें म्हणजे काय? रोपाला फळ धरावयास आठ-दहा वर्षें लागतात. तोंपर्यंत त्याला पाणी, कुंपण, राखण हवी. आणि फळ धरल्यावर झाड कोणाचें, याची शाश्वती नाहीं. ज्याला पुढच्या हंगामांत ही जमीन आपल्याकडे राहील कीं नाहीं हें ठाऊक नाहीं, तो नातवासाठीं झाड लावीत नाहीं. तो नाचणी पेरतो, कारण नाचणी चार महिन्यांत हातीं येते. कोंकणच्या शेतकऱ्याला दूरदृष्टि नव्हती असें म्हणणें हा अन्याय आहे. दूरवर पाहण्याचा हक्कच त्याला नव्हता.

१८८० च्या खोती कायद्यानें खोत व कूळ यांच्या हक्कांची कांहीं मांडणी केली, परंतु पद्धति मोडली नाहीं. १७ सप्टेंबर १९३७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं मुंबई विधिमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें. त्यांचें मूळ गांव आंबडवे याच जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यांतील. पुढील जानेवारींत कोंकणांतील हजारों शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला. विधेयक त्या वेळीं मंजूर झालें नाहीं. खोती संपुष्टांत आणणारा कायदा १९४९ सालीं झाला व १९५० पासून तो अमलांत आला. या वांट्यावर ज्या घराण्यांचीं मुलें पुण्या-मुंबईस शिकलीं, त्यांनीं महाराष्ट्राच्या विद्येंत, राजकारणांत व साहित्यांत मोठी भर घातली, हें निर्विवाद आहे. त्याच विद्येच्या पायाशीं कोणाच्या तरी खळ्यांतील भाताचा अर्धा वांटा होता, हेंहि तितकेंच निर्विवाद आहे. शहरांतील अनेक सुशिक्षित घरांच्या कौटुंबिक इतिहासाचें हें न लिहिलेलें पान होय.

व्यापार गेला, झाड लावतां येईना, धान्य पुरेना. मग माणूस निघाला. प्रथम तो लष्करांत गेला. मुंबई इलाख्याच्या फौजेंत रत्नागिरीचे मराठे व महार मोठ्या संख्येनें होते, आणि त्यांच्या पेन्शनांवर गांवोगांवचीं घरें चालत. १८९० च्या दशकांत महारांची भरती बंद झाली तेव्हां तो आधारहि त्या समाजाच्या पायाखालून गेला. किनाऱ्यावरचे दालदी, खारवी व इतर दर्यावर्दी जहाजांवर खलाशी झाले. आणि १८५४ सालीं मुंबईंत पहिली कापडगिरणी स्थापन झाल्यानंतर हळूहळू साऱ्या कोंकणाची वाट गिरणगांवाकडे वळली.

या वाटेची रुंदी आकड्यांवरून समजते. १८७२ च्या खानेसुमारींत रत्नागिरी जिल्ह्याची वस्ती १०,१९,१३६ होती. १८८१ मध्यें ती ९,९७,०९० भरली. वाढावयाची ती घटली. त्याच १८८१ सालीं मुंबई शहरांत रत्नागिरी जिल्ह्यांत जन्मलेले लोक सव्वा लाखाच्या वर होते. म्हणजे मुंबईंतील दर सहा माणसांत एक रत्नागिरीचा. १९२१ मध्यें ही संख्या सव्वादोन लाखांच्या पलीकडे गेली होती. दर पांचांत एक. ज्या डोंगरांतून पूर्वीं मुंबईच्या चुलींचें जळण गेलें त्याच डोंगरांतून आतां तिच्या गिरण्यांचे हात गेले.

या माणसांची ने-आण जयगडच्या खाडीनें पाहिली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबई-गोवें मार्गावर आगबोटी धांवूं लागल्या. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लें हीं त्यांचीं बंदरें. आगबोट मुखाशीं उभी राही. पडावांतून माणसें, ट्रंका, आंब्याच्या पेट्या आणि तांदुळाच्या गोण्या तिच्यावर चढत. पावसाळ्यांत ही वाहतूक थांबे आणि घरचें माणूस मुंबईस अडके. समुद्रानें अधूनमधून आपलाहि कर घेतला; १९२७ च्या नोव्हेंबरांत 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन आगबोटी एकाच दिवशीं वादळांत बुडाल्या. तरी वाट चालूच राहिली, कारण दुसरी वाट नव्हती.

१८८० सालीं मनिऑर्डरीचें काम टपालखात्याकडे आलें, आणि चाकरमान्याचा पगार पोस्टमनच्या पिशवींतून गांवीं पोंचूं लागला. कोंकणच्या अर्थव्यवहारास मनिऑर्डरीचा व्यवहार म्हणतात तें उगीच नव्हे. परंतु त्या पैशाचें पुढें काय झालें, हें पाहिलें पाहिजे. त्यांतून धान्य आलें, सारा व वांटा भरला गेला, कर्जाचें व्याज फिटलें, लग्न झालें, गणपति व शिमगा झाला, घरावर कौलें आलीं. तो पैसा जगविणारा होता. जमिनींत मुरून उत्पन्न वाढविणारा नव्हता. शेती चालली ती मागें राहिलेल्या स्त्रियांच्या बळावर. चिखलणी, लावणी, बेणणी, कापणी, भारे, पाणी, गुरें, सासूसासरे, मुलें, हा सारा भार त्यांनीं उचलला. जिल्ह्यांत पुरुषांपेक्षां स्त्रियांची संख्या अधिक, हें वैशिष्ट्य जुन्या खानेसुमाऱ्यांपासून आजतागाईत टिकून आहे. २०११ मध्यें दर हजार पुरुषांमागें ११२२ स्त्रिया होत्या. हा आंकडा स्त्रियांच्या सुस्थितीचा म्हणून वाचूं नये. तो घराबाहेर गेलेल्या पुरुषांचा आंकडा आहे.

एका शहरावर आणि एका धंद्यावर एवढा विसंबून राहिलेला मुलूख किती नाजूक असतो, हें १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या गिरणीसंपानें दाखविलें. सुमारें अडीच लाख कामगार त्यांत होते. अनेक गिरण्या पुन्हा पूर्ववत् चालल्याच नाहींत. संप मुंबईंत झाला, पण त्याचा चटका लालबाग-परळाइतकाच संगमेश्वर, गुहागर व रत्नागिरीच्या वाड्यांना लागला. जो मुंबईहून पैसे पाठवी तो स्वतःच बिछाना बांधून गांवीं परतला. आणि गांवांत त्याच्यासाठीं काम नव्हतें.

डोंगराळ मुलखाचें नशीबच असें असतें काय? या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं हिमालयांतील एका राज्याकडे पाहणें उपयोगाचें होईल. हिमाचल प्रदेशहि डोंगराळ. तेथूनहि पुरुष फौजेंत व मैदानांत चाकरीस जात. १९१६ सालीं सॅम्युअल स्टोक्स यांनीं सिमल्याजवळच्या कोटगढ भागांत अमेरिकन जातीचें सफरचंद लावलें. नुसत्या रोपानें कांहीं झालें नसतें. १९५० च्या दशकांत मोठ्या जमीनदाऱ्या मोडण्याचा कायदा झाला, १९७२ च्या कायद्यानें कुळांना मालकी दिली, आणि १९७१ मध्यें पूर्ण राज्याचा दर्जा मिळाल्यावर डोंगरांतील रस्त्यांवर त्या सरकारनें मोठा भर दिला. आज तेथें सफरचंदाची लागवड एक लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर आहे. शिवाय तेथील नद्यांवर जे जलविद्युत् प्रकल्प झाले त्यांतून राज्याला बारा टक्के वीज विनामूल्य मिळण्याची रीत पडली. डोंगरांतून जें खालीं जातें त्याचा वांटा डोंगराला परत मिळाला पाहिजे, हें तत्त्व तेथें हिशेबांत आलें. हिमाचलांत सर्व आलबेल आहे असें नव्हे. २०२३ च्या पावसाळ्यांत तेथें पुरांनीं व दरडींनीं जो संहार केला त्यानें डोंगर पोखरण्याची किंमतहि दाखवून दिली. परंतु मालकी, रस्ता आणि वांटा या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे डोंगरावरचा माणूस डोंगरावर राहूं शकतो, एवढें त्या राज्यानें सिद्ध केलें.

या तीन गोष्टी कोंकणांत कशा आल्या? मालकी १९५० नंतर कायद्यानें येऊं लागली. १९७२ मध्यें दापोलीस कृषि विद्यापीठ झालें. १९९० सालीं रोजगार हमी योजनेला फळबाग लागवडीची जोड मिळाली, आणि वरकस उतारांवर आंबा-काजूच्या बागा पसरल्या. जें शंभर वर्षांपूर्वीं होऊं शकलें नाहीं तें मालकी व थोडें भांडवल मिळतांच एका पिढींत झालें. २०१८ मध्यें कोंकणच्या हापुसाला भौगोलिक निर्देशनाची मान्यता मिळाली. रस्त्याची गोष्ट अशी कीं, प्रवासी आगबोटी १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत कशाबशा चालून बंद पडल्या, आणि २६ जानेवारी १९९८ रोजीं कोंकण रेल्वे सबंध मार्गावर सुरू झाली. बोरघाटांतील रेल्वेनंतर शतकाहून अधिक काळानें संगमेश्वरास आगगाडीची शिटी ऐकूं आली.

राहिला वांटा, आणि येथें पुन्हा जयगडच्या दाराशीं यावें लागतें. २००९ सालीं तेथें जिंदाल समूहाचें खोल पाण्याचें आधुनिक बंदर सुरू झालें, आणि २०१० व २०११ मध्यें त्यालगत औष्णिक विद्युत्केंद्राचे तीनशें मेगावॉटचे चार संच, म्हणजे एकूण बाराशें मेगावॉट, चालू झाले. कोळसा परदेशांतून जहाजानें येतो. वीज तारांवरून सह्याद्री ओलांडून कोयना व कऱ्हाडच्या दिशेनें जाते. जें दार एके काळीं गलबतांनीं गजबजे तें आतां प्रचंड मालवाहू जहाजांनीं गजबजतें. त्यांतून कांहींना नोकऱ्या मिळाल्या, कंत्राटें मिळालीं, रस्ते सुधारले, हें नाकारतां येणार नाहीं. धुरानें आंब्याच्या मोहोराला अपाय होईल काय, हा वाद न्यायालयापर्यंत गेला, हेंहि विसरतां येणार नाहीं. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. जुना व्यापार लहान होता तरी तो खोऱ्यामधून जात होता. नवा व्यापार अफाट आहे, पण त्याला खोऱ्याची गरज नाहीं. कोळसा संगमेश्वरास थांबत नाहीं आणि वीज फुणगुसाला विचारून घाट चढत नाहीं. मुखाची भरभराट आणि खोऱ्याची भरभराट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हें जयगडच्या सबंध इतिहासाचें सार आजच्या स्थितींतहि खरें ठरत आहे.

याचा पुरावा पुन्हा खानेसुमारीच देते. २००१ मध्यें रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ मध्यें ती १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्ग १९८१ सालींच वेगळा झाला असल्यानें ही घट सीमा बदलल्यामुळें नाहीं. देशाची लोकसंख्या वाढत असतां, बागा फुलल्या असतां, रेल्वे आली असतां, बंदर सुरू झालें असतां हा जिल्हा माणसांनीं रिता झाला. १८७२ ते १८८१ या वर्षांत जी घट झाली तिच्यामागें भूक होती. आजच्या घटीमागें तशी भूक नाहीं. शिक्षण आहे, महत्त्वाकांक्षा आहे, शहराची ओढ आहे. म्हणून ती घट सर्वस्वीं दुःखाची मानण्याचें कारण नाहीं. तथापि ज्याला राहावयाचें आहे त्यालाहि राहतां येत नसेल, कुलूप लावून जाणें हाच एकमेव व्यवहार्य मार्ग उरत असेल, तर मुलखाच्या हिशेबांत कोठें तरी मोठी चूक आहे असें म्हणावें लागेल.

ती चूक शोधणें फार अवघड नाहीं. चारशें वर्षें येथील सुबत्ता मोजली गेली ती दारांतून किती गेलें यावरून; प्रथम जकातीनें, मग लांकडाच्या खंडींनीं, मग मनिऑर्डरींच्या रकमांनीं, आणि आतां टनांनीं व मेगावॉटांनीं. या सर्व वह्यांत खोऱ्यांत काय उरलें याचा रकाना नाहीं. डोंगराळ मुलखाला तो रकाना सर्वांत आधीं हवा. उतारावर किती माती टिकली, नदीचें पात्र किती खोल राहिलें, कोणाच्या नांवावर किती झाडें उभीं आहेत, बंदराच्या व विजेच्या उत्पन्नांतून ग्रामपंचायतींना आणि वरच्या गांवांना काय पोंचलें, आणि गांवच्या शाळेंतून बाहेर पडलेल्या मुलामुलींपैकीं किती जणांना जवळपास पोट भरतां आलें, हे आंकडे दर वर्षीं बंदराच्या आंकड्यांशेजारीं मांडले जावेत. तसे ते मांडले गेले तरच जयगडला आलेल्या जहाजांचा लाभ संगमेश्वरच्या वरच्या वाड्यांपर्यंत चढला कीं नाहीं, हें कोणालाहि वाचतां येईल.